एका अनुबोधपटाचे गाऱ्हाणे

2024 सालच्या जून महिन्यातील गोष्ट. पावसाने नुकताच जोर धरला होता. मी सोप्यावर वर्तमानपत्र वाचीत बसलो असता, पणजीच्या एका महाविद्यालयात माध्यमशास्त्र शिकणारी माझी नात चिंब भिजून घरी आली आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "आजोबा, ऑगस्टमध्ये मला पिच करायचे आहे." चौतीस वर्षे मराठी शिकवण्यात घालविलेला मी माणूस, 'पिच' म्हटले की मला क्रिकेटची खेळपट्टीच आठवणार. "अगं, ऐन पावसात खेळपट्टी कोण तयार करील?" असे मी विचारले, आणि ती इतकी हसली की स्वयंपाकघरातून तिची आजी बाहेर आली.

मग तिने मला नीट समजावून दिले. त्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने दहा मिनिटांचा एक अनुबोधपट तयार करावयाचा होता. हल्ली यालाच माहितीपट म्हणतात. आमच्या पिढीच्या तोंडी अजून जुनाच शब्द आहे. परंतु चित्रण सुरू करण्यापूर्वी तीन परीक्षकांपुढे उभे राहून अवघ्या सात मिनिटांत सांगावयाचे, की आपण काय दाखविणार, कोणाचे दाखविणार, का दाखविणार, त्याला किती दिवस आणि किती पैसे लागणार. परीक्षकांचे समाधान झाले तर महाविद्यालयाचा कॅमेरा आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र पाच दिवसांसाठी मिळणार. न झाले तर पुन्हा नवा विषय शोधावयाचा. या सात मिनिटांच्या निवेदनाला त्यांच्या परिभाषेत 'पिच' म्हणतात.

मी सहज म्हणून गेलो, "म्हणजे हे गाऱ्हाणेच की!"

घाटावरच्या वाचकांना हा शब्द केवळ तक्रारीच्या अर्थाने ठाऊक असेल. कोकणात आणि आमच्या गोव्यात त्याला आणखी एक अर्थ आहे. देवळात देवासमोर उभे राहून घातलेले गाऱ्हाणे म्हणजे रीतसर केलेली विनवणी. ते घालणारा मनुष्य प्रथम स्थळाच्या देवतांचे स्मरण करतो, कोणाच्या वतीने आपण उभे आहोत ते सांगतो, मागणे काय आहे ते स्पष्ट शब्दांत मांडतो, काही चुकले असल्यास पदरात घ्यावे म्हणतो, आणि इच्छा पुरी झाल्यास आपण काय करू तेही बोलून ठेवतो. त्यानंतर कौल. देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, याकडे सर्वांचे डोळे लागतात. मागणे संदिग्ध असेल तर कौलाचाही अर्थ लागत नाही, हे गावातील प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक असते.

हे सारे मी तिला मोठ्या रसभरितपणे सांगितले. आणि नंतर मौज अशी झाली की पुढला महिनाभर मी स्वतःच ते विसरून गेलो.

तिने विषय ठरविला होता 'गोव्याचे लोकसंगीत'. मला तो फार आवडला. आवडला म्हणण्यापेक्षा, माझ्यातला निवृत्त शिक्षक जागा झाला म्हणणे अधिक खरे. रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर आम्ही दोघे टेबलापाशी बसत होतो. मी सांगत होतो, ती टिपून घेत होती. धालो, फुगडी, जागर, मांडो, देवळांतील सनई-चौघडा, शिगम्याचे ढोल-ताशे, घुमट-आरती, यांपैकी काहीही मी सुटू दिले नाही. सोळाव्या शतकात देवांच्या मूर्ती नदीपार होऊन आमच्या अंत्रुज महालात आल्या, त्यांच्याबरोबर कोणकोणत्या सेवा आल्या असतील, यावर एक संपूर्ण परिच्छेद झाला. असे करता करता चौदा पाने भरली. मला वाटले, परीक्षक थक्क होतील.

तिच्या मार्गदर्शक शिक्षिकेने ती चौदा पाने वाचली आणि शेवटच्या पानाखाली दोनच ओळी लिहून परत केली. पहिली ओळ होती, "हा प्रबंध आहे, यात चित्रपट कोठे आहे?" आणि दुसरी, "उद्या सकाळी सहा वाजता तू कॅमेरा घेऊन कोणाच्या दारात उभी राहणार आहेस?"

खोटे कशाला बोलू, मला राग आला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो दुसरा प्रश्न मनातून जाईना. आमच्या चौदा पानांत संपूर्ण गोवा होता, पण एकही दार नव्हते. शब्दाने 'लोकसंगीत' म्हणता येते. कॅमेऱ्याला 'लोकसंगीत' दिसत नाही. त्याला एक हात दिसतो, एक चेहरा दिसतो, एक चूल दिसते. निबंधाचा विषय आणि चित्रपटाचा विषय यांत हा फरक आहे, आणि तो चौतीस वर्षे निबंध तपासणाऱ्या माणसाला सत्तराव्या वर्षानंतर कळावा, यात शिक्षिकेचा दोष काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नातीला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. चित्रपट काढण्याच्या ध्यासाने 1912 साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. परंतु भांडवल कोण देणार? या देशात स्वतः कथापट काढता येतो यावर सावकाराचा विश्वास कसा बसावा? फाळक्यांनी त्यासाठी व्याख्यान दिले नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक काळाने त्याची चित्रे घेत घेत अंकुर कसा फुटतो, वेल कसा वर येतो, याचा एक लहानसा पट तयार केला. महिन्याभराची वाढ क्षणार्धात डोळ्यांसमोर घडताना पाहिल्यावर पैसे देणाऱ्याला अधिक काही सांगावे लागले नाही. तरीही पैसा पुरला नाही. सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले, आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. पुढे सत्यजित राय यांनीही 'पथेर पांचाली'साठी निर्मात्यांचे उंबरठे झिजविले, ते दृश्यांची चित्रे काढलेली वही हातात घेऊन. तो चित्रपट 1955 साली पुरा झाला.

"म्हणजे मलाही एक वाटाणा शोधायला हवा," नात म्हणाली.

ऑगस्टच्या आरंभी आम्ही दोघे गावातीलच एका वृद्ध घुमटवादकाच्या घरी गेलो. गावात सारे त्यांना मामा म्हणतात. मीही येथे तेवढेच म्हणेन, आणि नाव का सांगत नाही ते पुढे कळेलच. मामांचे वय ऐंशीच्या पुढे. चवथीच्या आरतीला त्यांच्या घुमटाशिवाय रंग चढत नसे, असा एक काळ मी पाहिलेला आहे. आता संधिवाताने त्यांची बोटे वळत नाहीत.

आमच्या परगावच्या वाचकांसाठी सांगतो. घुमट म्हणजे मातीचे भाजलेले, दोन तोंडांचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बांधलेले असते. लहान तोंड मोकळेच राहते. गळ्यात दोरीने अडकवून वादक उजव्या हाताने कातड्यावर थाप मारतो आणि डाव्या तळव्याने ते मोकळे तोंड झाकतो, उघडतो. त्या उघडझापेतून नाद गंभीर होतो, पुन्हा मोकळा होतो. हिंदूंच्या आरतीत आणि ख्रिस्ती बांधवांच्या मांड्यातही हे वाद्य वाजते. 2019 साली गोवा शासनाने घुमटाला वारसा-वाद्याचा दर्जा दिला.

नात मामांच्या पाया पडली आणि बोलू लागली. विद्यार्थिनी, महाविद्यालय, प्रकल्प, परंपरेचे जतन, नव्या पिढीपर्यंत पोचविणे... मामांनी बराच वेळ ऐकून घेतले. मग सुपारीचे खांड तोंडात टाकून ते शांतपणे म्हणाले, "बाय, तुका कितें जाय तें पयलीं सांग."

तिला एकदम उत्तर देता आले नाही. मलाही देता आले नसते. देवापुढे गाऱ्हाणे घालताना जे पहिल्या वाक्यात सांगावे लागते, तेच आम्ही दोन महिने टाळले होते.

शेवटी ती म्हणाली, "मामा, तुमचा घुमट कसा वाजत असे ते मला ऐकायचे आहे." या साध्या वाक्याने मामांचा चेहरा उजळला. त्यांनी सांगितले की तो घुमट आता नाही. वीसएक वर्षांपूर्वी भांडे फुटले, कातडे किड्यांनी खाल्ले. पण त्याचा नाद अजून त्यांच्या कानांत आहे. बोकडाच्या कातड्याचा घुमट त्यांनी ऐकला होता, पण तो त्यांना मानवला नव्हता. जुन्या घुमटाला घोरपडीचे कातडे असे. आणि मग, समोर मोबाईल ध्वनिमुद्रण करीत आहे याचे भान न ठेवता, मामा ते कातडे कोठून येत असे, कोण कोणाला आणून देत असे, कोणत्या डोंगरावर, कोणत्या रात्री, हे सारे नावनिशीवार सांगत गेले. त्या नावांपैकी एक गृहस्थ आजही हयात आहेत. चवथीच्या आरतीला ते मामांच्या शेजारीच बसतात.

परतताना नात जवळजवळ पळत होती. "आजोबा, हाच माझा चित्रपट! यात नाट्य आहे, रहस्य आहे, कायदा आहे!" मलाही तसेच वाटले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलेले आहे. तिला मारणे, तिच्या कातड्याचा व्यवहार करणे हा गुन्हा आहे. एका बाजूला परंपरा, दुसऱ्या बाजूला कायदा, आणि मध्ये एक वृद्ध कलावंत. परीक्षक खूष होणार यात शंका नव्हती. वर्गातील इतर मुलांचे विषय तिने मला सांगितले होते. असा ऐवज कोणाजवळच नव्हता.

त्या रात्री दोन वाजता मला जाग आली तेव्हा तिच्या खोलीत दिवा जळत होता. ती मामांचे बोलणे पुन्हा पुन्हा ऐकत होती. मला पाहून म्हणाली, "आजोबा, मामांना ठाऊक तरी होते का, की ते कोणाशी बोलत आहेत?"

"तुझ्याशीच बोलत होते."

"माझ्याशी बोलत होते, हेच तर. माझ्या शिक्षकांशी नव्हते, वनखात्याशी नव्हते, इंटरनेटवरच्या हजार माणसांशी नव्हते. मी त्यांच्या घरची नात म्हणून त्यांनी सांगितले."

मी तिच्याशी वाद घातला, हे येथे कबूल केले पाहिजे. मी म्हणालो, घडलेले सत्य सांगण्यात पाप कसले? इतिहास कोणाला तरी लिहून ठेवलाच पाहिजे. वेळप्रसंगी नावे गाळता येतील, आवाज बदलता येईल. ती म्हणाली, "एवढ्याशा गावात आवाज बदलून कोण फसणार आहे?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज विचार करतो तेव्हा वाटते, मला सत्याची चाड होती असे नाही; नातीचा पहिला क्रमांक मला दिसू लागला होता.

सकाळी ती एकटीच मामांकडे गेली, आणि मी मागाहून पोचलो. तिने त्यांना सर्व काही उलगडून सांगितले. कायदा काय आहे, चित्रपट कोण पाहील, पुढे काय होऊ शकेल. मामा हसले. "हांव म्हातारो, म्हाका कसलें भंय?" पण दाराआड त्यांची सून उभी होती. ती काही बोलली नाही. फक्त तिच्या हातातील सूप हलायचे थांबले. नातीने ते पाहिले. तिने मोबाईल मामांच्या हातात दिला, पडद्यावर कोठे बोट ठेवायचे ते दाखविले, आणि मामांच्या वाकड्या बोटानेच ते सारे ध्वनिमुद्रण पुसून टाकले.

मी पाहतच राहिलो. परीक्षकांपुढे उभे राहण्यास आठ दिवस उरले होते आणि हातात काहीच नव्हते.

पण मामांना ते बरेच लागले असावे. त्यांनी आतून नातवाला हाक मारली. तेरा वर्षांचा मुलगा. त्याला घुमट शिकायची हौस होती, पण घरात घुमट नव्हता. मामा म्हणाले, बोकडाच्या कातड्याचा एक करून पाहू या का? माझे हात चालत नाहीत, पण कान शाबूत आहेत. मुलगा वाजवील, मी ऐकेन. चवथीपर्यंत नाद जुळला तर जुळला.

त्या क्षणी तिला तिचे वाक्य सापडले. घरी आल्यावर तिने ते कागदावर लिहिले आणि मला वाचून दाखविले: "ज्यांचे हात आता वाजवू शकत नाहीत असे एक आजोबा, चवथीच्या आत, नव्या कातड्याच्या घुमटातून आपल्या कानांतला जुना नाद नातवाकडून काढून घेऊ पाहतात." चौदा पानांचे एक वाक्य झाले होते. त्यात एक दार होते, दोन माणसे होती, एक मुदत होती आणि यश येईल की नाही याची शंकाही होती.

पुढला आठवडा नियोजनात गेला. मी यापूर्वी चित्रपट पाहिले होते; चित्रपटाचा हिशेब कधी पाहिला नव्हता. पाच दिवस कॅमेरा मिळणार, म्हणून तिने पाचच प्रसंग ठरविले: ओले कातडे मोठ्या तोंडावर ताणून दोरीने आवळण्याचा दिवस, ते वाळविण्याचा दिवस, पहिला धडा, तालीम, आणि अखेर देवळातील आरती. प्रत्येक प्रसंगासाठी कॅमेरा कोठे असेल, उजेड कोणत्या खिडकीतून येईल, आवाज कोठून घ्यावयाचा, हे चौकटी आखून लिहिले. प्रथम बासष्ट दृश्ये झाली होती. ती सत्तावीसवर आणली. डिचोलीचे कुंभार, ज्यांच्या हातून घुमटाची भांडी घडतात, त्यांच्याकडे जाण्याचा माझा फार आग्रह होता. "तो वेगळा चित्रपट आहे, आजोबा," असे म्हणून तिने तो प्रसंग काढून टाकला. मामांच्या नातवाचे वय लक्षात घेऊन त्याच्या आईची लेखी संमती घेतली. प्रवास, भांडे, कातडे, मदतीला येणाऱ्या दोन मैत्रिणींचे जेवण, सारे धरून खर्च 4,800 रुपये. आणि प्रत्येक दिवसापुढे एक रकाना होता: 'पाऊस पडला तर?' ऑगस्टातल्या गोव्यात 'पडला तर' हे शब्द विनोदीच, पण त्या रकान्यात तिने उत्तर लिहिले होते, "चुलीवर वाळवू. तेच चित्रित करू."

परीक्षकांपुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. तिने सांगितला तसा लिहितो. 14 ऑगस्टची सकाळ. तिने कातडे न चढविलेले मातीचे भांडे टेबलावर ठेवले आणि त्यावर थाप मारली. भांडे नुसते मातीसारखे वाजले. ती म्हणाली, "याला अजून नाद नाही. चवथीला चोवीस दिवस आहेत." मग ते एक वाक्य. मग पाच दिवस, पाच प्रसंग, खर्च. हा तिचा वाटाणा होता. फक्त फाळक्यांनी उगवलेला दाखविला होता, हिने पेरायचा दाखविला.

सात मिनिटे संपल्यावर एका परीक्षकाने नेमका तोच प्रश्न विचारला. "घोरपडीच्या कातड्याचे काय? खरे नाट्य तर तेथे आहे. कोणी कबुली देणारा मिळाला, तर चित्रपट कोठल्या कोठे जाईल."

ती म्हणाली, "1972 च्या कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे आणि म्हणून हे कातडे बोकडाचे आहे, एवढे माझ्या चित्रपटात स्पष्ट सांगितले जाईल. ते योग्यच आहे असे मामाही म्हणतात. कोणी कधी काय केले, हे मी विचारणार नाही. ज्याने विश्वासाने सांगितले त्याला त्रास होईल असे मी दाखविणार नाही, हे माझ्या नियोजनाच्या शेवटच्या पानावर लिहिलेले आहे."

त्या परीक्षकांचे पूर्ण समाधान झाले नाही, असे ती म्हणाली. त्यांनी गुण कमी दिले. पण तिघांपैकी दोघांनी कौल उजवा दिला. अट एकच, दहाऐवजी आठ मिनिटांत बसवावे.

आणखी एक गाऱ्हाणे अजून उरले होते. चवथीच्या दिवसांत आमच्या देवळाच्या सभामंडपात एका रात्री सर्व घरांतले वादक एकत्र जमून आरती म्हणतात. तेथे चित्रण करावयाचे तर देवस्थान समितीची परवानगी हवी. त्या समितीवर मीही आहे. माझीच नात म्हणून मी बैठकीत तोंड उघडायचे नाही असे ठरविले, आणि खरे सांगायचे तर मला भीती वाटत होती. मागे एकदा बाहेरची काही मंडळी चित्रण करून गेली होती. प्रखर दिवे लावले होते, गर्भगृहाच्या उंबऱ्यापर्यंत तारा नेल्या होत्या. तेव्हापासून कॅमेरा म्हटले की समितीच्या कपाळाला आठ्या पडतात.

तिने वाकून नमस्कार केला आणि एक कागद पुढे ठेवला. त्यावर सभामंडपाचा नकाशा होता. "मला एकच जागा हवी आहे," ती म्हणाली, "डाव्या बाजूचा हा दुसरा खांब. दिवा लावणार नाही. समयांचा आणि मंडपातील नेहमीच्या दिव्यांचा उजेड मला पुरेसा आहे. जागा बदलणार नाही. गर्भगृहाचे चित्रण करणार नाही. कॅमेऱ्याचे तोंड फक्त वाजविणाऱ्यांकडे राहील. चित्रपट प्रथम या मंडपात दाखवीन, आणि कोणाला काही गैर वाटले तर तेवढे काढून मगच महाविद्यालयात देईन."

एक वडीलधारे सदस्य म्हणाले, "म्हणजे तू देवाकडे पाठ करून उभी राहणार?"

सभेत शांतता पसरली. मला वाटले, आता सारे संपले.

ती म्हणाली, "मी खांबाच्या आड बाजूला बसेन, पाठ करणार नाही. पण काका, देव ज्या दिशेला पाहतो, त्याच दिशेला कॅमेरा पाहील. त्याला रोज काय दिसते, तेवढेच मला दाखवायचे आहे."

परवानगी त्याच बैठकीत मिळाली. गंमत म्हणजे, इतकी वर्षे समितीवर काढून माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली. आमच्यापुढे विनंत्या घेऊन येणारे लोक आपण काय काय करणार हे भरभरून सांगतात. काय करणार नाही, हे क्वचितच कोणी सांगते. आणि आमचे मन वळते ते बहुधा या दुसऱ्या यादीने.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. कातडे ताणले त्या दिवशी पाऊस, वाळवायच्या दिवशी त्याहून अधिक पाऊस. ठरल्याप्रमाणे ते चुलीच्या उबेवर टांगले आणि ठरल्याप्रमाणे तेच चित्रित केले. पहिल्या धड्यात मुलाच्या थापेतून नुसता भदभद आवाज निघत होता. मामा डोळे मिटून बसले होते आणि दर थापेला मान हलवून 'नाही' म्हणत होते. 7 सप्टेंबरला चवथ झाली. 9 तारखेच्या रात्री, आरतीला थोडाच वेळ उरला असता, दमट हवेने कातडे पुन्हा सैल पडले. मुलगा रडकुंडीला आला. मामा काठी टेकीत उठले, त्याला अग्रशाळेच्या चुलीपाशी घेऊन गेले, आणि निखाऱ्यांवर घुमट कसा फिरवायचा, किती अंतरावर धरायचा, हे त्याच्या हातांना आपले वाकडे हात लावून दाखविले. हे दृश्य सत्तावीसांत नव्हते, नियोजनातही नव्हते. पण कॅमेरा तयार होता, माणसे ओळखीची झाली होती, आणि तिला आपण कशाच्या शोधात आहोत ते ठाऊक होते. म्हणून ते तिला दिसले. चौदा पानांच्या त्या पहिल्या आराखड्यानुसार ती त्या रात्री बहुधा फुगड्या चित्रित करीत असती.

डिसेंबरात, दिलेल्या शब्दाप्रमाणे, चित्रपट प्रथम देवळाच्या मंडपात दाखविला. पांढरे धोतर ताणून पडदा केला होता. आठ मिनिटे. शेवटी समयांच्या उजेडात वाजविणाऱ्यांचे चेहरे येतात. त्यांत तो मुलगा, आणि त्याच्या मागे डोळे मिटून बसलेले मामा. आरती टिपेला पोचते तेव्हा मामांची मान एकदा हलते. ती 'होय' म्हणून हलली की 'नाही' म्हणून, हे चित्रपटात सांगितलेले नाही.

मंडपातील मंडळी पांगल्यावर नातीने मामांपाशी जाऊन तेच विचारले. मामा जरा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. पडद्याचे आता पुन्हा धोतर झाले होते. कोणीतरी त्याची घडी घालीत होते.

"पयलींचो न्हय," ते म्हणाले. "पूण बरो."

मुलगा शेजारीच उभा होता. त्याने ते ऐकले, आणि घुमट गळ्यात अडकवून तो आपल्या आजोबांच्या पुढे पुढे घराकडे चालू लागला.